साखळी कुणी घातली

लातूरहून चाकूरला निघालं आणि मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक बंधारा लागतो. बंधारा उभा आहे, त्याची लोखंडी दारं उभी आहेत, फक्त नदी तिथं नाही. ती बंधाऱ्याला वळसा घालून बाजूच्या रानातून गेली आहे. कोरड्या पात्रात बाभळी माजल्यात, दारांच्या सावलीला शेरडं बसतात. हल्ली इंजिनिअरिंगची पोरं मोटारसायकली घेऊन येतात आणि दारांपुढं उभं राहून फोटो काढतात. मागं एकानं व्हिडिओ केला होता, 'नदीनं सोडून दिलेला रहस्यमय बंधारा' म्हणून. माझ्याच एका विद्यार्थिनीनं तो मला पाठवला. रहस्य कसलं डोंबलाचं? तो बंधारा माझ्या वडिलांनी बांधला आणि एका माणसानं मारला. त्या माणसावर मी तीस वर्षं डूख धरून होते, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

आधी दारांचं सांगते, कारण ती काय चीज होती हे कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या बंधाऱ्याला लोखंडी फळ्या असतात. पावसाळा सरताना त्या एकेक करून खाचेत बसवायच्या, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या. बसवायला उशीर झाला की पाणी निघून जातं, काढायला उशीर झाला की पूर काठ फोडतो. आणि आपल्याकडं उशीर व्हायला कारण लागत नाही. कधी ठेकेदार आलेला नसतो, कधी ज्यानं नारळ फोडायचा तो आलेला नसतो. नारळ फुटल्याशिवाय फळी बसवायची नाही, आणि नारळ फोडायचा मान ज्याचा तो मुंबईत. पाणी बिचारं कुणासाठी थांबत नाही. बाबा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. या प्रकाराला ते इतके विटले होते की त्यांनी माणसाची गरजच काढून टाकली.

त्यांची दारं खालच्या अंगाला बिजागरीवर बसवलेली होती आणि मागच्या बाजूला काँक्रीटचा जड ठोकळा जोडलेला होता. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की त्याच्या जोरानं दार आपोआप आडवं व्हायचं आणि पूर वरून निघून जायचा. पाणी ओसरलं की ठोकळ्याच्या वजनानं दार पुन्हा उभं. वीज नको, मोटार नको, चौकीदाराला हाक मारायला नको. बागेतल्या सी-सॉवर एका बाजूला जाडं पोरगं बसवावं तसा प्रकार. नांदेडच्या आमच्या घरी मागच्या दारी सिमेंटचा हौद होता. बाबांनी पत्र्याचं एक लहानसं दार करून त्या हौदाच्या तोंडाला बसवलं आणि मला हाक मारली. मी तेव्हा शाळेत होते. हौद भरला, दार स्वतःहून झुकलं, पाणी गेलं, दार स्वतःहून उठलं. बाबा माझ्याकडं बघून असे हसले की जणू दार नव्हे, मीच पहिलं पाऊल टाकलंय. पुढं मी फिजिक्सला गेले, आज लातूरला ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवते, ते त्या हौदामुळं. वर्गात बलाचं आघूर्ण, म्हणजे वजनानं दांडी कशी फिरते ते, शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी एक हौद काढते. पोरींना वाटतं बाईंना चित्रकलेची हौस आहे.

खऱ्या नदीवरची दारं बाबांनी फार जिवापाड बसवली. एकेक बिजागरी स्वतः हात लावून पाहिली. मुंबई-पुण्याची मोठी माणसं येऊन बघून गेली म्हणतात. पहिल्या वर्षी, पहिल्या मोठ्या पाण्याला दारं आडवी झाली आणि पुन्हा उठली, तेव्हा गावातली माणसं बंधाऱ्यावर रोज जायला लागली. जेवण झालं की दारं बघायला. "चला, इंजिनेरचं दार बघून येऊ," असं म्हणायचे. हे मी ऐकलेलं आहे. त्याच तोंडांनी पुढं काय म्हटलं तेही ऐकलेलं आहे.

त्या भागात एक पुढारी होते. त्यांना सगळे 'अध्यक्ष' म्हणत. कशाचे, हे कुणी विचारत नसे. कधीतरी कशाचे तरी होते, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बंधारा मंजूर करून आणण्यात त्यांचा हात होता, हे मी नाकारत नाही. बंधारा पुरता भरला तेव्हा त्यांनी जलपूजनाचा घाट घातला. नदीकाठी मांडव, ताशे, ओटी भरायला सुवासिनी, आणि मोठे पाहुणे. पाहुण्यांनी नारळ फोडायचा, अध्यक्षांनी हात वर करायचा, की दारं उघडायची, असा बेत. बाबा त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, की अहो, दारं हात वर करून उघडत नसतात, पाणी चढलं की उघडतात. "ते बघू की," अध्यक्ष म्हणाले. आमच्याकडं 'ते बघू की' म्हटलं की विषय संपला.

पाहुण्यांना उशीर झाला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी चढत चढत खुणेपर्यंत आलं, आणि अख्खा मांडव बघत असताना दारं एकामागून एक गुमान आडवी झाली. ताशेवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली. पाहुण्यांच्या गाड्या आल्या तोवर पाणी ओसरलं होतं आणि दारं पुन्हा उठून उभी राहिली होती. आता उघडायचं काय? पाहुणे नारळ हातात धरून उभे, अध्यक्षांचा हात अर्धा वर. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, दारांनी तर तुमच्याआधीच पूजा उरकली की." मांडव खदखदून हसला. बाबाही हसले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मी त्यांचं हसणं पाहिलं, आणि अध्यक्षांनी ते हसणं पाहिलेलंही पाहिलं.

दसरा झाल्यावर पुन्हा पूजन करायचं ठरलं, तेच पाहुणे, तोच मांडव. पण त्याआधी एका दुपारी दारांमधून जाड साखळी ओवली गेली आणि शेवटच्या खांबाला कुलूप लागलं. पाहुणे येईस्तोवर दारांनी हलायचं नाही, एवढाच त्या साखळीचा अर्थ. स्वतःहून उघडणाऱ्या दाराला कुलूप. चौकीदारानं बाबांच्या कानावर घातलं तसे ते थेट अध्यक्षांच्या घरी गेले. तिथं त्यांना चहा मिळाला. "पूजन होऊ द्या साहेब, मंग काढू की. तुमी लई भेता." बाबांनी हात जोडले. माझ्या बाबांनी, ज्यांनी बदलीसाठी कधी कुणापुढं मान वाकवली नव्हती, त्यांनी एका साखळीसाठी हात जोडले. पंधरवडा उलटला नाही तोच त्यांची बदली नायगावकडं झाली. ज्या माणसानं नुसतं हसल्याबद्दल एवढं केलं, त्याला मी विसरावं असं तुम्ही मला सांगू नका.

मग परतीचा पाऊस आला, आणि त्या वर्षी तो वैर असल्यासारखा आला. दारं साखळीत जखडलेली. पाण्याला वरून जायला वाट उरली नाही तेव्हा त्यानं डावीकडचा काठ खाल्ला आणि रानात शिरलं. दुसऱ्या दिवशी नदी तिथूनच वाहत होती. माणूस कुणी दगावलं नाही. जनावरं गेली, आणि काळी माती गेली. काळी माती म्हणजे काय, हे शेत नसलेल्यांना कळायचं नाही. मागं उरली ती वाळू आणि गोटे.

चौकशी बसली. बाबांनी साखळीचं सांगितलं. कुणी घातली म्हणून विचारलं तर त्यांनी नावही सांगितलं. चौकीदाराला बोलावलं तर तो म्हणाला, "मला ठावं न्हाई. खात्याचं लोखंड हाय, खात्यानंच घातली आसंल." अध्यक्षांना कुणी विचारलंच नाही. पाहुण्यांनाही नाही. शेवटी खापर फुटलं ते आराखड्यावर. आराखडा सदोष. आणि गावात पसरलं ते याहून वाईट, की साखळी इंजिनेरनंच घातली. दारं वाहून जातील म्हणून भ्याला. आपल्याच दारावर त्याचा भरवसा नव्हता, आणि आम्हाला पाण्यात घातलं. साखळी दारांना अजूनही आहे, जाऊन बघा. ती बघूनच लोक म्हणायचे, ही काय, त्यानं घातलेली.

लोक मला विचारतात, बाई, एवढी चांगली वस्तू अशी पडून का आहे? कुणी म्हणतं निधी नाही, कुणी म्हणतं देखभाल नाही, कुणी म्हणतं आपली माणसंच नालायक. सगळं अर्धवट. काठ पुन्हा बांधला असता, साखळी काढली असती, तर दारं आजही चालली असती. पण एकदा सदोष ठरलेल्या वस्तूच्या डागडुजीवर सही करणार कोण? सही केली की आधीचं खोटं पडतं. नायगावच्या बाजूला मी पंपघरं पाहिली आहेत, आत मोटार नाही, वर पिंपळ. पाण्याच्या टाक्या पाहिल्यात ज्यांना नळ कधी जोडलेच नाहीत. प्रत्येक ठिकाणी थोडं खोदलं तर तळाशी कुणाचा तरी दुखावलेला मान निघतो. वस्तू गंजून मरत नाही हो आपल्याकडं. ती आधी मानापानात मरते, मग निवांत गंजते.

एक दिवस नांदेडला आमच्या दारात एक बाई आली. एसटीनं आली होती, कचेरीत पत्ता विचारत. तिचं शेत गेलं होतं. ती आत आली नाही, पाणी घेतलं नाही. पदरात बांधून आणलेली वाळू तिनं आमच्या उंबरठ्यावर ओतली आणि बाबांना म्हणाली, "हे घ्या साहेब, माझं रान. पेरा आता तुमीच." साखळी मी घातली नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं तरी पुरे होतं. ते नुसते उभे राहिले. ती गेली. आईनं वाळू भरून घेतली, आणि कुठं टाकावी ते तिला सुचेना, म्हणून परातीत घेऊन ती बराच वेळ अंगणात फिरत राहिली. मी दारामागं उभी होते. त्या बाईवर मला राग आला नाही. मला राग आला तो अध्यक्षांचा, आणि तो असा आला की पुन्हा गेलाच नाही.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसानं चार लोकांत, त्या गावाच्या तोंडावर, स्वतःच्या तोंडानं म्हणावं की साखळी मी घातली. बाकी काही नको. माफी तर नकोच नको. माफी मागितली की आपल्याकडं लगेच लोक म्हणतात, झालं गेलं, सोडा आता. मला सोडायचं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या नावाला ती साखळी होतीच. भेटायला आलेल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "फार हुशार माणूस, तेवढं एक डिझाईन चुकलं." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आता माझ्या हातात काय होतं? माझ्या हातात मानपत्र होतं. लातूरला मी बाकी कशासाठी नाही तरी मानपत्रांसाठी ओळखली जाते. कुणी मुख्याध्यापक निवृत्त झाला, कुणा डॉक्टरची साठी झाली, की निरोप येतो, बाईंना सांगा, झकास लिहितील. आणि लिहितेही. 'आपण ज्ञानाचा वटवृक्ष आहात' वगैरे माझ्या बोटांतून झोपेतही उतरतं. मीच ते मंचावर उभी राहून वाचते, मग चौकटीत घालून, शाल घालून, नारळ हातात देऊन त्या माणसाला देतात. इतकी वर्षं मानपत्रं वाचून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मानपत्र चालू असताना मांडवात ते कुणीच ऐकत नाही. पुढच्या रांगेतली माणसं फोटोसाठी केस सारखे करत असतात, मागची जेवणाच्या वासाकडं तोंड करून बसलेली असतात. ऐकणारा एकच असतो, ज्याचं मानपत्र आहे तो. तो मात्र कानात प्राण आणून ऐकतो. कुठं काही राहिलं तर नाही ना.

अध्यक्षांची पंच्याहत्तरी आली तेव्हा आमचे प्राचार्य माझ्याकडं आले. मोठा सत्कार होता, महामार्गावरच्या मंगल कार्यालयात, आणि आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आणणार होते. त्या बंधाऱ्याच्या गावचीही. 'पाण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस' असं काहीतरी त्यांचं वर्णन करायचं होतं. "बाई, नाही म्हणू नका," प्राचार्य म्हणाले. मी नाही म्हणणार होते थोडीच. माझं आडनाव सासरचं. मी कुणाची आहे हे प्राचार्यांना ठाऊक नव्हतं आणि अध्यक्षांना तर नव्हतंच.

मी आधी जरा तयारी केली. त्या वर्षभरात अध्यक्ष जिथं जिथं पाहुणे होते, त्यातल्या दोन-तीन कार्यक्रमांना मी जाऊन मागं बसले. आणि मला हवं ते सापडलं. आधीच्या वक्त्यानं कशाचं श्रेय दुसऱ्याला दिलं, की हा माणूस उठल्यावर पहिलं वाक्य तेच. "ती झाडं वनखात्यानं न्हाई लावली, मी लावली." "तो रस्ता आमदारांनी न्हाई, मी आणला." एकदा तर एका स्वर्गवासी शिक्षकाच्या शोकसभेत उठून म्हणाले, की यांना नोकरीला लावलं ते मीच. पंच्याहत्तर वर्षांत त्यांनी एक शेंगदाणाही दुसऱ्याच्या नावावर सोडलेला नव्हता. ज्या रोगानं दारं मेली, तो रोग अजून ठणठणीत होता.

मग मी मानपत्र लिहिलं. वटवृक्ष घातला, दीपस्तंभ घातला, जे जे लागतं ते सगळं घातलं. आणि मधोमध हे लिहिलं: 'परिसरातील इतर बंधाऱ्यांची दारे चोरीस गेली, मात्र आपल्या गावची दारे आजही शाबूत आहेत. तत्कालीन अभियंत्यांनी दूरदृष्टीने त्या दारांना साखळी घालून कुलूप लावले, म्हणूनच हा ठेवा टिकला. अशा कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याला आपण साथ दिलीत, हा आपल्या मनाचा मोठेपणा होय.' ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, हे कबूल करते. जी साखळी बाबांच्या नावावरून काढायला मी जन्मभर धडपडत होते, ती मीच माझ्या सुंदर अक्षरात त्यांच्या नावावर लिहून ठेवत होते. फासा उलटा पडला असता तर? अध्यक्ष त्या दिवशी दमलेले असते, नुसते हात जोडून बसले असते, तर ते चौकटीत जाऊन त्यांच्या दिवाणखान्यात लागलं असतं, बाबांवरचा आळ, मुलीच्या हस्ताक्षरात. पण मी कागद फाडला नाही. प्राचार्यांनी मसुदा वाचला आणि एवढंच म्हणाले, की आमदारांचा उल्लेख जरा वर घ्या.

सत्काराच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. डाव्या बाजूला बंधाऱ्याच्या गावची माणसं बसली होती, आणि तिसऱ्या का चौथ्या रांगेत ती वाळूवाली बाई होती. मी तिला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेले, बाकी तीच बसण्याची पद्धत, पाठ ताठ. तिनं मला ओळखलं नाही. मी मानपत्र वाचायला उभी राहिले तेव्हा आवाज जराही हलला नाही. आवाजाला वर्गाची सवय आहे. साखळीचं वाक्य आलं तसं मी नेहमीपेक्षा सावकाश वाचलं, अभियंत्यांनी, दूरदृष्टीने, साखळी घालून. लोक आपापल्या मोबाइलमध्ये होते. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून अध्यक्षांकडं पाहिलं. शालीच्या आत त्यांची मान हलली, आणि कपाळाला आठी पडली. तेव्हाच मला कळलं, की मासा लागला.

सत्काराला उत्तर द्यायला ते उठले. माईक हातात घेतला, सगळ्यांची नावं घेतली, आणि मग माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "बाईंनी लई चांगलं लिवलंय. पर एक दुरुस्ती करतो. ती साखळी इंजिनेरनं न्हाई घातली. साखळी मी घातली. उदगीरहून आणली हुती, माझ्या गाडीत टाकून. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात. इंजिनेर तर माझ्या घरी येऊन हात जोडून राहिला हुता. साहेब, काढा म्हणं, पूर आला तर घात हुईल म्हणं. मी म्हणलं, पूजन झाल्याबिगर दार हलणार न्हाई म्हंजे न्हाई. आन् आज बघा, दारं जागच्या जागी हायत का न्हाईत? मंग ते त्येच्या नावावर कशापायी घालता?"

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, ते टाळ्या वाजवायलाच आले होते. डावीकडं मात्र एकही हात हलला नाही. तिथली माणसं एकमेकांकडंही बघत नव्हती, सगळी समोर बघत होती.

ती बाई उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही, पण त्या शांततेत चढवायची गरजही नव्हती. "अध्यक्ष," ती म्हणाली, "पूर आला त्या दिशी किल्ली कुटं हुती?"

"माझ्या खिशातच की," अध्यक्ष म्हणाले. बोलण्याच्या भरात होते. "मी मुंबईला गेल्तो, पाहुण्यांना आवतण द्यायला."

वाक्य तोंडातून गेलं, आणि मग बहुतेक ते त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडलं. माईक धरलेला हात हळूहळू खाली आला. त्या बाईनं खुर्चीखालची पिशवी घेतली, डोक्यावर पदर सारखा केला आणि दाराकडं चालायला लागली. तिच्या रांगेतली माणसं उठली. मग मागची रांग उठली. बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, कुणी खुर्ची फेकली नाही.

आमच्या भागात कार्याला जाऊन न जेवता कुणी परत येत नाही. भावकीत कोर्टकचेऱ्या चालू असल्या, तरी लग्नाला गेलेला माणूस पानावर बसतो, दोन घास खातो आणि मगच उठतो. न जेवता उठणं म्हणजे तुझं आमचं संपलं, तुझ्या मयताला खांदासुद्धा नाही, असा त्याचा अर्थ. बाहेर मांडवात वरण, भात, वांग्याची भाजी, बालुशाही असा बेत मांडलेला होता. अख्खं गाव त्या ताटांच्या शेजारून चालत गेलं आणि टेम्पोत जाऊन बसलं. वाढपी हातात पळ्या घेऊन बघत राहिले. मंचावरून उघड्या दारांतून हे सगळं दिसत होतं, आणि अध्यक्ष बघत होते. त्यांनी आयुष्यभर माणसं जमवली ती आपल्याकडं बघायला, आणि आता ती निघून चाललेली बघावी लागत होती. मला वाईट वाटलं का? नाही. मी डोळे भरून पाहिलं.

राहिलेला कार्यक्रम कसाबसा उरकला. पुढच्या रांगांमधलेही लोक एकेक करून काढता पाय घ्यायला लागले, कारण हवा बदलली की त्यांना आधी कळतं. मंचावर अध्यक्ष एकटेच खुर्चीत बसले होते, मांडीवर चौकटीतलं मानपत्र. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"बाई, तुमी कुठल्या?"

"नांदेडच्या."

"कुणाच्या?"

"तुमच्या घरी येऊन हात जोडले होते त्यांच्या," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. म्हातारा माणूस, शालीत गुंडाळलेला, डोळ्यांत पाणी का मोतीबिंदू ते कळत नव्हतं. मला कळून घ्यायचंही नव्हतं. मग म्हणाले, "साहेब हायत का?"

"नाहीत."

"मला लई शिव्या देत आसतील."

मी किती वर्षं ठरवून ठेवलं होतं, की ही वेळ आली तर काय काय बोलायचं. बाबांनी तुम्हाला तळतळाट दिला म्हणायचं. शेवटच्या श्वासापर्यंत तुमचं नाव घेऊन शाप देत होते म्हणायचं. पण ते खोटं झालं असतं, आणि खरं त्याहून जास्त लागणारं होतं. बाबांनी त्यांना कधीच शिवी दिली नाही. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलनं आकडेमोड करायचे, दाराचा ठोकळा किती हलका ठेवला असता तर पाण्याच्या जोरानं ती साखळी तुटली असती. शेवटी शेवटी हात थरथरायचा तरी करायचे. साखळी दुसऱ्यानं घातली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी ती स्वतःच्या माथी घेतली होती. यासाठीच मला या माणसाच्या तोंडून कबुली हवी होती.

"नाही," मी म्हणाले, "ते म्हणायचे, चूक माझीच झाली. हिशोबात मी पाण्याचा जोर धरला, गाळ धरला, वाहून येणारी झाडं धरली. दार उघडू नये असं वाटणारा माणूस मात्र धरायचा राहिला."

मी उत्तराला थांबले नाही. खाली गेले तर सगळी पंगत मोकळी पडली होती, वाढपी तसेच उभे होते. मी ताट घेतलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.